चमचा नव्हता

तिने बिस्कीट मोडलं, अर्धं खाल्लं, अर्धं रुमालात गुंडाळून ठेवलं. भुकेल्या पोटाचा आवाज माइक पकडतो.

*

मोटर लावलेलं शिलाई मशीन बंद दाराआडूनही दोन खोल्या पलीकडे ऐकू जातं. पायाचं जात नाही.

*

'ताई, दुसऱ्या कुणाचा आवाज नको. तूच वाच.' भावाचा मेसेज. शेवटी हात जोडल्याचं चित्र.

*

पान एकशे त्रेचाळीस, ओळ नऊ. ती उठली नाही.

*

शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटाच्या टोकाला घालायची पितळेची टोपी. तिच्यावर बारीक खळगे असतात. खाटेच्या लोखंडी कठड्यावर आपटली की येणारा आवाज चमच्यासारखा नसतो. मुळीच नसतो.

*

वाचकाने पुस्तकात काही घालू नये, पुस्तकातले काही गाळू नये. छापील चूक असल्यास चुकीसकट वाचावे. (भिंतीवरचा नियम क्रमांक चार.)

*

लाल दिवा लागला.

"थांबा, आवाजबाई," कानात मास्तरांचा आवाज आला. "परत घेऊ."

"काय चुकलं?"

"चुकलं काहीच नाही. शब्दन् शब्द बरोबर आहे. पण तुम्ही लेखकाला शिव्या देताय."

"मी एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही."

"तेच म्हणतोय. एक अक्षर न बदलता शिव्या देताय. ऐकणाऱ्याला कळतं, हा माणूस तुम्हाला आवडत नाही."

"नाहीच आवडत. माझा भाऊ आहे."

काचेपलीकडे मास्तर हसले. त्यांची बोटं मांडीवरच्या जाड पुस्तकावर होती तिथेच थांबली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारं हे ग्रंथालय. ती सोळा वर्षं इथे वाचत होती, आठवड्यातून तीन दिवस. मास्तर त्याहून जुने. पूर्वी ते ठिपक्यांची लिपी शिकवायचे, म्हणून मास्तर. आता तपासनीस होते. ती छापील पुस्तक वाचायची, ते त्याच पुस्तकाच्या ठिपक्यांच्या प्रतीवरून बोटं फिरवत कानांनी ऐकायचे. तिची जीभ आणि त्यांचं बोट एकाच शब्दावर नसलं, की लाल दिवा.

दोघांच्या खोल्यांमध्ये काच होती. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, तुम्हाला काचेचा काय उपयोग? ते म्हणाले होते, ती तुमच्यासाठी आहे, आत एकटं वाटू नये म्हणून.

आज तिला एकटं असायचं होतं. भिंतीला गालिचे ठोकलेले, पंखा बंद, दार बंद. रागवायला याहून चांगली खोली मिळाली नसती. फक्त तो राग माइकसमोर होता.

"पाणी प्या," मास्तर म्हणाले. "आणि मग असं वाचा, की हे पुस्तक कुण्या परक्या माणसाचं आहे."

"परक्या माणसाची हिंमत झाली नसती."

*

पुस्तक तिच्या हातात पडलं त्याला तीन आठवडे झाले होते. पहिल्या पानावर भावाची सही. आत दोन बायका: एक आई, झटक्यानंतर वाचा गेलेली, मागच्या खोलीत पडून असलेली, आणि एक मोठी मुलगी, जी तिचं सगळं करते. नीट करते. पुस्तकातला प्रत्येक माणूस म्हणतो, किती करते बिचारी. आणि लेखक वाचकाला दर वीस पानांनी हळूच कोपरखळी मारून सांगतो, की बिचारी वगैरे काही नाही. आईला भरवताना ती घास जरा लवकर पुढे करते. चादर बदलताना आईच्या डोळ्यांकडे बघत नाही. आईला ऐकू येतं हे माहीत असून ती तिच्यादेखत फोनवर म्हणते, 'किती दिवस चालेल सांगता येत नाही.'

आणि मग पान एकशे त्रेचाळीस.

तिने पेन्सिल घेतली होती. पुस्तकात लिहायचं नाही हा आयुष्यभराचा नियम मोडून तिने समासात लिहायला सुरुवात केली. पान नऊ: खोटं. खिडकी पायाशी होती, उशाशी नव्हे. पान सत्तावीस: खोटं, मी असं कधीही बोलले नाही. पान एकतीस: खोटं. पान चाळीस: हे तुला कुणी सांगितलं? खोटं. पुढे पुढे नुसतंच खोटं, खोटं, खोटं, तेही इतक्या जोरात की मागच्या पानावर वळ उठले.

दोन वर्षं आणि चार महिने तिने आईला सांभाळलं होतं. हा यायचा महिन्यातून एका रविवारी. येताना फळं आणायचा. आईला चावता येत नाही हे दर वेळी दाराशी आठवायचं त्याला, मग ती फळं स्वतःच कापून खायचा. एरवी फोन. उंटावरून शेळ्या हाकायच्या: ताई, तिला कुशीवर वळवतेस ना, ताई, तिच्याशी बोलत राहा हं, बोलल्याने फरक पडतो. आणि आता हा आयत्या बिळावरचा नागोबा दोनशे अकरा पानं फणा काढून बसला होता.

ती संचालिकाबाईंकडे गेली होती. हे पुस्तक मला देऊ नका, आणि खरं सांगायचं तर कुणालाच देऊ नका.

"अकरा जणांनी मागितलंय," संचालिकाबाई म्हणाल्या होत्या. "आणि त्यातल्या सातांनी लिहिलंय, आवाजबाईंच्याच आवाजात हवं. तुमच्या भावाचं आहे ना? मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल."

सात माणसं. ती त्यांना कधी भेटली नव्हती, पण ती त्यांच्या स्वयंपाकघरात, बिछान्याशी, कानात राहत होती. त्यांना तिचा चेहरा माहीत नव्हता. त्यांच्यासाठी ती म्हणजे आवाज. आता त्याच आवाजात तिने त्यांना सांगायचं, की एका दुपारी आई बोलावत होती आणि मी उठले नाही.

ठीक आहे, तिने ठरवलं. वाचते. असं वाचते, की लेखकाची लाज निघेल.

*

पान एकशे त्रेचाळीस, ओळ एक ते अकरा. दुसरा प्रयत्न.

'मागच्या खोलीतून चमच्याचा आवाज आला. पेल्यावर एकदा, मग थांबून दोनदा. ती मेजापाशी बसली होती. समोर वर्तमानपत्र होतं. तिने पान उलटलं. पुन्हा आवाज आला. या वेळी जरा जोरात, जणू पेला जवळ सरकवून घेतला असावा. तिने एक बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि तिला एक शब्द कळला नाही. पुन्हा आवाज आला. ती उठली नाही. आपण उठणार नाही हे आवाज यायच्या आधीच आपल्याला माहीत होतं, असं तिला वाटलं. आणि त्या वाटण्यात तिला नवीन काही सापडलं नाही.'

लाल दिवा.

"आता काय?"

"चमचा," मास्तर म्हणाले. "'चमच्याचा' या शब्दावर तुम्ही इतका जोर दिलात, की मला वाटलं पुढे चमच्यानेच खून होणार."

"चमचा नव्हता तिथे."

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे, घरात नव्हता. मास्तर, तुमच्या घरात काय होतं आणि काय नव्हतं, हे उद्या कुणी छापून तुमच्याच हातात दिलं तर काय कराल?"

"बोट फिरवीन," मास्तर म्हणाले. "आणि बघीन, माझं बोट कुठे अडतं ते."

ती अधिकच चिडली. तेवढ्यात मास्तरांच्या खोलीचं दार उघडलं. काचेपलीकडे, हातात कागदी पिशवी घेऊन, तिचा भाऊ उभा होता.

फळं आणली होती.

*

चहाची खोली म्हणजे एक किटली, एक पाण्याचं यंत्र आणि दोन खुर्च्या. तिने दार लावून घेतलं.

"संचालिकाबाईंनी बोलावलं," तो म्हणाला. "म्हणाल्या, लेखकाने एकदा येऊन ऐकावं. तुला सांगितलं नाही त्यांनी?"

"बस, छोट्या."

तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, पुढचे केस गेले होते, पण बसला छोट्यासारखाच, खुर्चीच्या कडेवर. तिने आपली प्रत त्याच्यासमोर टाकली.

"वाच. तुझं पुस्तक आहे. शुद्ध करून ठेवलंय."

त्याने पानं उलटायला सुरुवात केली. खोटं. खोटं. खिडकी पायाशी होती. खोटं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी कपबशी फोडली की व्हायच्या तशाच.

"बरंच लिहिलंयस," तो म्हणाला.

"तुझ्यापेक्षा कमीच. महिन्यातून एकदा यायचास तू. तेही पाहुण्यासारखा. तुला रे काय माहीत, मी घास कसा पुढे करत होते? तू काय माझ्या मनगटाला लटकला होतास? नाकाने कांदे सोलायला काही लागत नाही. अर्धांग गेलेल्या बाईला आंघोळ घालून दाखव एकदा, मग लिही!"

"ताई—"

"गल्लीतली एक बाई मला म्हणते, पुस्तक वाचलं हो तुमच्या भावाचं, फारच सोसलंत तुम्ही. आणि बघते कशी! चादरीवरचा डाग शोधतात तशी. मी काय सगळ्यांच्या दारात जाऊन सांगू, की ते खोटं आहे म्हणून?"

तो पानं उलटत होता. एके ठिकाणी त्याचा अंगठा थांबला.

"काय झालं?"

"काही नाही."

"बोल ना. तोंडाला काय कुलूप लावलंयस? पुस्तकात तर बरंच बोलतोस."

"इथे तू 'खोटं' लिहिलेलं नाहीस," तो म्हणाला. "एकशे त्रेचाळीसवर. इथे नुसतं 'चमचा नव्हता' असं लिहिलंयस."

"पेन्सिलीचं टोक मोडलं असेल."

"हं."

"आणि नव्हताच चमचा! आईच्या बोटात तिची शिवणाची टोपी असायची. पितळेची. चांगल्या हाताच्या मधल्या बोटात. रोज सकाळी मी घालायचे तिला, तोंड पुसून झालं की. काही हवं असलं की ती कठड्यावर आपटायची. पेला नाही, चमचा नाही. चाळीस वर्षं जिच्या शिवणावर खाल्लंस, तिच्या हाताचा आवाजही तुला माहीत नाही?"

"चमचाच होता, ताई."

तो इतक्या हळू म्हणाला, की तिला आधी वाटलं, तो अजून पुस्तकाबद्दलच बोलतोय.

"तू दाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस. रविवार होता. जाताना तू तिच्या बोटातली टोपी काढून पर्समध्ये टाकायचीस. मी आलो की दर वेळी."

"तुला त्रास नको म्हणून. दोन तास येतोस, त्यात तुला टकटक कशाला."

"माहितेय. मग तिने चमचा घेतला. औषधाच्या पेल्यात असायचा तो. मी मेजापाशी बसलो होतो, समोर वर्तमानपत्र होतं." त्याने पुस्तक मिटलं. "मी उठलो नाही. चार वेळा वाजवलं तिने. मग थांबली. अर्ध्या तासाने गेलो, तर अंथरूण ओलं होतं आणि तिने तोंड भिंतीकडे केलं होतं. मी चादर बदलली. तुला सांगितलं, पाणी सांडलं."

तिला ती चादर आठवली. वाळत घालताना आपण पुटपुटलो होतो तेही आठवलं: एक पेला धड धरता येत नाही याला.

"म्हणजे ती पुस्तकातली बाई—"

"मी आहे."

"घास पुढे करणारी?"

"चार-पाचदा भरवलं मी. तितक्यातही मला घाई असायची."

"फोनवर बोलणारी?"

"मी. तुझ्याच व्हरांड्यातून. खिडकी उघडी होती."

"बाई करून लपलास!"

"पुरुष केला असता तर सगळ्यांनी ओळखलं असतं."

"आणि बाई केल्यावर मला ओळखतील, हे नाही सुचलं? मोठा लेखक! खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगीच नाही. खाल्लंस तू, आणि खाजवायला माझी पाठ!"

किटली कधीची उकळून आपोआप बंद झाली होती. तिने ती पुन्हा लावली, नुसतंच काहीतरी करायचं म्हणून. तिला मोकळं वाटायला हवं होतं. तीन आठवड्यांचा राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता. तो परत घेऊन घरी जायला हरकत नव्हती. पण राग परत येईना. उलट त्याला नवीन दार सापडलं.

"मग मी कुठे आहे?" तिने विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"पुस्तकात. दोनशे अकरा पानं आहेत. मी कुठल्या पानावर आहे?"

त्याने मान खाली घातली.

"दोन वर्षं चार महिने मी तिचं हगणंमुतणं काढलं. पाठीला जखम होऊ दिली नाही. डॉक्टर म्हणाले होते, अशा पेशंटला होतेच. नाही होऊ दिली. आणि त्या सगळ्यावर तू पुस्तक लिहिलंस, त्यात मी एका ओळीतही नाही?"

"मला तुझ्याबद्दल काही माहीत नव्हतं, ताई. तू कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस?"

दारावर टकटक झाली. दोघंही एकदम वळले, आणि दोघांनीही एकमेकांचं ते वळणं पाहिलं.

मास्तर होते. एक हात दाराच्या चौकटीवर ठेवून म्हणाले, "कुणाच्या घरच्या भांडणात पडायची मला सवय नाही, पण दीड वाजता शेजारी जनरेटरची चाचणी आहे. पान एकशे त्रेचाळीस त्याआधी होईल का?"

"होईल," ती म्हणाली. "आणि यालाही बसवा तिथे. ऐकू दे."

*

पान एकशे त्रेचाळीस. तिसरा प्रयत्न.

काचेपलीकडे आता दोघं होते. मास्तर आपल्या खुर्चीत, बोटं पहिल्या ओळीवर. शेजारी भाऊ, कानांवर जुने हेडफोन, मांडीवर फळांची पिशवी. ती पिशवी चुरचुरेल, म्हणून मास्तरांनी अंदाजाने हात पुढे करून ती बरोबर शोधली आणि खाली ठेवली.

ती पाणी प्यायली. श्वास सोडला. तिला ठाऊक होतं, आता कसं वाचायचं ते. लेखकाला शिव्या द्यायच्या नव्हत्या. आता ती बाई म्हणजे हा होता, समोर बसलेला. आता प्रत्येक वाक्य सरळ त्याच्याकडे टाकायचं होतं, भात्यातून काढून, नेम धरून. घे. हे घे. मेजापाशी बसला होतास. वर्तमानपत्र होतं. आई बोलावत होती. घे.

दिवा हिरवा झाला.

'मागच्या खोलीतून चमच्याचा आवाज आला.' चमच्यावर जोर नाही. 'पेल्यावर एकदा, मग थांबून दोनदा.' त्याने डोळे मिटले. बरं झालं. 'ती मेजापाशी बसली होती. समोर वर्तमानपत्र होतं.' तिचा आवाज चांगला लागला होता. सोळा वर्षांत इतका चांगला क्वचित लागला असेल. खाली, कोरडा, न थरथरणारा. मास्तरांचं बोट त्याच्याबरोबर सरकत होतं, जिभेच्या ना पुढे ना मागे. 'तिने पान उलटलं. पुन्हा आवाज आला. या वेळी जरा जोरात, जणू पेला जवळ सरकवून घेतला असावा.' बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. इतकं काही ऐकू येत नव्हतं, की खोलीच्या भिंतीपलीकडे अजून एक खोली असावी आणि तिथे कुणी असावं असं वाटत होतं. 'तिने एक बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि तिला एक शब्द कळला नाही. पुन्हा आवाज आला. ती उठली नाही. तिने मशीन सुरू केलं. आपण उठणार नाही हे आवाज यायच्या आधीच—'

लाल दिवा.

ती आणखी चार शब्द वाचत राहिली, दिवा दिसूनही.

"आवाजबाई," मास्तर म्हणाले. त्यांचं बोट हवेत होतं, कागदापासून वीतभर वर. "मशीन कुठून आलं?"

"कुठलं मशीन?"

मास्तरांनी ध्वनिमुद्रण मागे नेलं आणि लावलं. तिच्या कानात तिचाच आवाज आला, खाली, कोरडा, न थरथरणारा. ती उठली नाही. तिने मशीन सुरू केलं. मधे श्वासही घेतलेला नव्हता. दोन वाक्यं शेजारी शेजारी बसली होती, जणू पहिल्यापासून एकाच पानावर छापलेली.

तिने समोरच्या पानाकडे पाहिलं. ओळ नऊ. मशीन नव्हतं. समासात तिचं पेन्सिलीचं अक्षर होतं. टोक मोडलेलं नव्हतं; चांगलं ठळक होतं.

मग तिने वर पाहिलं.

भाऊ तिच्याकडे बघत होता. खाटेवरून पडून डोक्याला मार लागलेल्या आईला उचलायला, ती मेल्याच्या वीस दिवस आधी, एका सोमवारी तिने ज्याला फोन करून बोलावलं होतं तो हाच. आणि तेव्हा त्याने विचारलं होतं, तुला टकटक ऐकू नाही आली का गं? तिने म्हटलं होतं, नाही.

"पडदे होते," ती म्हणाली. माइक चालू होता. "शाळेचे पडदे. बारा. दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. मी शिवायलाच बसले होते."

कुणी काही विचारलं नव्हतं.

"सकाळपासून अकरा वेळा उठले होते मी त्या दिवशी. अकरा वेळा. उशी वर, उशी खाली. पाणी. पाणी नको. खिडकी. नुसतंच बघायला बोलवायची कधी. मी पण माणूस आहे. एका माणसाने किती वेळा—"

मास्तरांनी हात वर केला. तिला गप्प करायला नव्हे. त्यांनी पलीकडचं एक बटण दाबलं आणि ध्वनिमुद्रण थांबवलं. काचेच्या कोपऱ्यातला छोटा आकडा चालायचा थांबला.

"हे वाक्य काढतो मी," ते म्हणाले. "नियम चार. आणि त्यानंतरचंही सगळं."

"काढा."

"कुठे ठेवणार नाही."

"नकाच ठेवू."

भाऊ बोलण्याचं बटण शोधत होता. आधी चुकीचं दाबलं, दिवा लागला, विझला. मग सापडलं.

"ताई," तो म्हणाला. त्याचा आवाज तिच्या दोन्ही कानांत एकदम आला, आजवर कधी आला नव्हता इतक्या जवळून. "हे मला सुचलं नसतं."

तिच्या मनात जुना, ओळखीचा, भरवशाचा संताप येऊन बसला. तिला जवळजवळ बरं वाटलं.

"लिहू नकोस."

"नाही."

"छोट्या."

"नाही म्हटलं ना."

"तू लिहिशील," ती म्हणाली. "कानाच्या पाळ्या बघ तुझ्या."

त्याने दोन्ही हात कानांवर नेले. तिथे हेडफोन होते. तो तसाच बसून राहिला, कान झाकून.

मास्तरांनी बोट पुन्हा कागदावर टेकवलं. "जनरेटरला दहा मिनिटं आहेत," ते म्हणाले. "ओळ एकपासून घेऊ, की आठपासून जोडू?"

"एकपासून."

"पाणी?"

"नको."

तिने वाचलं. या वेळी नेम धरला नाही. चमच्यावर जोर दिला नाही, वर्तमानपत्रावरही नाही. 'ती उठली नाही' या वाक्यानंतर तिने फक्त पूर्णविरामाइतकं थांबून पुढचं वाक्य घेतलं, नियमात असतं तेवढंच. मास्तरांचं बोट त्या ओळीवरून सरळ पुढे गेलं. दिवा हिरवाच राहिला.

त्या दुपारी मशीनमध्ये धागा ओवलेला नव्हता.